वेटिंग, पण कुठल्या कोट्यातलं?

भुसावळात राहून वेटिंग लिस्टवर असण्याचा एक मोठा तोटा आहे: इथं प्रत्येकाला त्यातलं कळतं. पुण्यात असते तर "पीएचडीच्या वेटिंगवर आहे" म्हटल्यावर समोरच्यानं "हो का, छान" म्हणून विषय बदलला असता. आमच्याकडं रेल्वेचं विभागीय कार्यालय. घरटी एक माणूस रेल्वेत, नाहीतर रेल्वेतून रिटायर. त्यामुळं शेजारच्या काकूंपासून स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न: "नंबर किती?"

नंबरच नाही, हेच तर दुखणं. विद्यापीठानं फक्त "आपण आमच्या प्रतीक्षा यादीत आहात" एवढं कळवलंय. यादी केवढी, मी वरून कितवी, खालून कितवी, हे देवाला आणि त्यांच्या अ‍ॅडमिशन कमिटीला ठाऊक.

माझे थोरले मामा रिटायर टीटीई. त्यांनी ती मेल मोबाईल हातभर लांब धरून वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "जीएन का पीक्यू?"

"मामा, तसं नसतं तिथं."

"नसतं कसं? जनरल वेटिंग असेल तर उतरतं. पूल्ड कोट्याचं असेल तर आशा सोड. तू मधल्या स्टेशनावरून बसणारी, म्हणजे पूल्डच असणार."

त्यांच्या तज्ज्ञपणापुढं माझी एम.एस्सी. काय टिकणार!

थोडं मागचं सांगते. माझा विषय वनस्पती रोगशास्त्र आणि त्यातही केळी. यावलकडं आजोबांच्या वाट्याची थोडी जमीन आहे. तिथं करपा, हरण्या हे शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकलेले. पण माझं डोकं अडकलंय मर रोगात. तुम्ही-आम्ही आज खातो ती केळी ज्या कॅव्हेंडिश कुळातली, ते कुळ बाजारात आलं तेच या रोगाच्या कृपेनं. त्याआधी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची जात चालायची. मरच्या बुरशीनं तिचे मळेच्या मळे झोपवले आणि 1960च्या आसपास व्यापाऱ्यांनी मुकाट्यानं कॅव्हेंडिश धरली. आपल्या रावेर-यावलची ग्रँड नैन त्याच घराण्यातली. आता त्या बुरशीचा टीआर-4 नावाचा नवा अवतार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. बिहार-उत्तर प्रदेशात तो येऊन बसलाय. बुटाला चिकटलेल्या मातीतून, कंदातून तो फिरतो. त्याला इकडं यायला रिझर्व्हेशन लागत नाही.

तर या बुरशीचा अभ्यास करायला मी अमेरिकेत अर्ज केले. दोन ठिकाणांहून होकार आला. एक समुद्राकाठच्या महागड्या शहरातलं, दुसरं मक्याच्या पट्ट्यातल्या एका लहान गावातलं. तिसरं, जिथले प्रोफेसर खरोखर केळीच्या मरवर काम करतात, तिथं वेटिंग. आम्ही घरात त्यांना समुद्रवालं, मक्यावालं आणि केळीवालं म्हणायला लागलो, कारण मूळ नावं आजीला उच्चारता येईनात.

आजीचा या सगळ्याला तात्त्विक विरोध होता. "केयी शिक्याले अमेरिकेत? तठी केयी पिकते का?"

"मक्यावाल्या गावात नाही पिकत. बर्फ पडतो तिथं."

"मंग ते तुले काय शिकोतीन? तूच त्याहिले शिकोव."

बुरशीची जनुकं प्रयोगशाळेत वाचतात, त्याला मळा लागत नाही, हे मी समजावायचा प्रयत्न केला. आजीनं ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, "हिले तठी जेव्याले कोन घालीन?"

अप्पांची अडचण वेगळी. ते जन्मभर मास्तर. शिकायला पैसे भरायचे असतात एवढंच त्यांनी पाहिलेलं. तिथं पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर्गात शिकवण्याच्या नाहीतर प्रयोगशाळेत राबण्याच्या बदल्यात महिन्याला स्टायपेंड मिळतो, हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शिकायचे पैसे तेच देतात? मग त्यांना काय मिळतं?"

"माझी पाच-सहा वर्षं."

हे त्यांना पटलं. सौदा म्हटल्यावर त्यांनी वही काढली. डॉलरला रुपयानं गुणलं आणि समुद्रवाल्याचा आकडा पाहून दोन दिवस घरात प्रसन्न वातावरण होतं. तिसऱ्या दिवशी त्याच शहरात राहणाऱ्या लांबच्या नात्यातल्या एका दादाला फोन लावला. त्यानं एका खोलीचं भाडं सांगितलं. अप्पांनी ते वहीत लिहिलं, वजाबाकी केली, उत्तराखाली रेघ मारली आणि म्हणाले, "यापेक्षा इथली जेआरएफ काय वाईट? महिना 37 हजार, वर घरभाडं भत्ता, आणि शनिवारी घरी." जेआरएफ, म्हणजे आपल्याकडची संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, माझ्या हातात आहे, हे ते दर जेवणाला एकदा आठवण करून देत, लोणचं वाढल्यासारखं.

मक्यावाल्याचा स्टायपेंड कमी होता, पण भाडंही कमी. तिथं भानगड निराळी. पत्रात बारीक अक्षरात लिहिलं होतं की पैसे नऊ महिन्यांचे. उन्हाळ्याचे तीन महिने 'उपलब्धतेनुसार'.

"उन्हाळ्यात त्यांच्या पोरांना भूक लागत नाही का?" अप्पा.

मी हाच प्रश्न जरा सोज्वळ इंग्रजीत त्यांना पाठवला. उत्तर आलं की सहसा प्रोफेसर प्रकल्पातून सोय करतात. 'सहसा' या शब्दाखाली अप्पांनी लाल रेघ मारली. मास्तरांची सवय.

मग मी एक्सेल शीट केली. ती न करता या वयात कोणताच निर्णय होत नाही. गाईडला तीस गुण, पैशाला पंचवीस, विषयाला वीस, हवामानाला पाच असं सगळं मांडलं. बेरीज केली तर समुद्रवालं पहिलं आलं. मला ते आवडलं नाही, म्हणून विषयाचे गुण वाढवले. मक्यावालं पुढं सरकलं. तेही नको होतं. विषयाला चाळीस केले तेव्हा कुठं केळीवालं वर आलं आणि शीट एकदाची बरोबर झाली. फक्त पहिल्या नंबरवर आलेल्यानं मला अजून घेतलेलं नव्हतं.

समुद्रवाल्या प्रोफेसरांच्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलीशी झूमवर बोलले. हे बोलणं करावंच, असं सगळे जाणते सांगतात, आणि विचारायचे प्रश्नही ठरलेले: किती वर्षांत मुलं बाहेर पडतात, मधेच सोडून किती गेले, सुट्टी मिळते का. तिच्याकडं रात्र होती, माझ्याकडं सकाळ. मागं कूलरचा घोंगाट, कारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भुसावळात कूलर बंद करून माणूस फार वेळ शहाणा राहत नाही. मी विचारलं, "सर कसे आहेत?"

ती हसली. मग म्हणाली, "सर खूप पॅशनेट आहेत."

आणि थांबली.

नेट गेलं असेल असं वाटून मी "हॅलो, हॅलो" केलं. नेट नव्हतं गेलं. ती कॅमेऱ्याकडं बघत होती. जरा वेळानं म्हणाली, "म्हणजे, कामाच्या बाबतीत." पुन्हा थांबली. "रविवारी मात्र ते सहसा दुपारनंतरच मेल करतात."

मला आमच्याकडं स्थळाची चौकशी करताना "मुलगा जरा तापट आहे, पण मनानं चांगला" म्हणतात, ते आठवलं. मी शीट उघडली आणि समुद्रवाल्याच्या गाईडचे गुण तिसावरून अकरावर आणले. अकराच का, ते विचारू नका.

इकडं तारीख जवळ येत होती. अमेरिकेत या कामाला 15 एप्रिलचा मुहूर्त असतो. तिथल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे: ज्या विद्यापीठांनी त्यावर सही केलीय, त्यांनी पैशासकट दिलेल्या ऑफरचं उत्तर 15 एप्रिलच्या आधी मागायचं नाही. पोरांना नीट विचार करता यावा म्हणून हा नियम. प्रत्यक्षात होतं असं की सगळी पोरं 15 तारखेपर्यंत सगळ्या ऑफर मांडीखाली घेऊन बसतात आणि वेटिंगवाले दिवसाला चाळीस वेळा इनबॉक्स ओढून रिफ्रेश करतात. मी या दोन्ही जातींत होते.

मामांना मी हा ठराव सविस्तर समजावला. त्यांनी सुपारी कातरत ऐकला. म्हणाले, "म्हणजे तुझ्या पुढं जो कोणी आहे, तो कॅन्सल करत नाही म्हणून तुझं कन्फर्म होत नाही."

"हो. आणि त्याला घाईच नाही. बसलाय निवांत दुसऱ्या ऑफर धरून." त्या अज्ञात इसमाबद्दल मी घरात बरंच वाईट बोलत असे. माझ्या डोळ्यांसमोर तो उंच, गोरा आणि अत्यंत आळशी होता.

"आणि तुझ्याकडं किती?"

"दोन."

"म्हणजे दोन बर्थवर तू टॉवेल टाकलाय. झोपणार एकावरच. आणि बोंब मारते त्याच्या नावानं." अडकित्ता बाजूला ठेवून ते म्हणाले, "माझ्या डब्यात असती तर एका बर्थवरून उठवली असती तुला."

मी सांगून पाहिलं की हे नियमात बसतं, सगळे असंच करतात. "डब्यातही सगळे हेच सांगायचे," मामा म्हणाले. पस्तीस वर्षं लोकांची बॅगा-पिशव्यांनी अडवलेली जागा मोकळी करून देणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण ते गेल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की समुद्रवाल्याच्या वेटिंगवरही कुणीतरी असेल. हनोईत, लागोसमध्ये, कुठंही. आणि त्याच्या घरी माझ्याबद्दल काय बोलत असतील, याचा अंदाज मला स्वतःच्या भाषेवरून होता.

समुद्रवाल्याला नकार लिहायला बसले. आपल्याकडं नकार द्यायची पद्धत म्हणजे "बघू", "कळवतो", "आखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) बोलू". सरळ 'नाही' लिहायची वेळ कधी आलेली नाही. पहिल्या खर्ड्यात मी इतके आभार मानले की अप्पांनी वाचून विचारलं, "मग जातेस का तिथं?" दुसऱ्यात घरगुती कारण टाकलं. ते वाचून आई म्हणाली, "घरात काय झालंय? ते लोक काळजी करतील." शेवटी चार ओळी लिहिल्या आणि डोळे मिटून बटण दाबलं. जरा वेळानं प्रोफेसरांचं उत्तर आलं, एकच ओळ: लवकर कळवल्याबद्दल आभार, शुभेच्छा. वार रविवार होता. त्यांच्याकडं सकाळ होती. त्या मुलीनं दिलेली माहिती जुनी असावी.

राहिलं मक्यावालं. त्यांची मुदत 15 तारखेच्या संध्याकाळी पाचची, त्यांच्या घड्याळानं. म्हणजे आपल्याकडं 16च्या पहाटे साडेतीन. त्या रात्री आमच्या घरात लग्नघरासारखी जाग होती. आई आखाजीच्या सांजोऱ्यांचा रवा भाजायला बसली, कारण एरवीही झोप येणार नव्हती. अप्पा वही घेऊन. आजी मधूनमधून उठून "गाडी आली का?" विचारायची. मामांनी तिलाही नादी लावलं होतं. केळीवाल्यांना मी दिवसा एक नम्र मेल टाकली होती, की आपलं काही कळलं तर बरं होईल. उत्तर आलं होतं: परिस्थिती अजून बदलती आहे. दोननंतर मी रिफ्रेश करणं बंद केलं, तीनला पुन्हा सुरू केलं आणि सव्वातीनला मक्यावाल्यांच्या पोर्टलवर 'स्वीकारते' या चौकोनात बरोबरची खूण केली. पोर्टलनं हिरव्या अक्षरांत अभिनंदन केलं. अप्पांनी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांपुढं प्रश्नचिन्ह काढून वही मिटली.

आखाजीला घर भरलं होतं. माहेरवाशिणी झोक्यावर, पाटीत आंबे, आणि मधल्या खोलीत मामा, अप्पा, दोन शेजारी असा पत्त्यांचा डाव. आमच्याकडं आखाजीला पत्त्यांना मोकळीक असते, मास्तरांनासुद्धा. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. केळीवाले. कळवण्यास खेद वाटतो की प्रोफेसरांच्या प्रकल्पाचा निधी मंजूर झालेला नाही, त्यामुळं यंदा त्यांच्या प्रयोगशाळेत कोणालाही प्रवेश देता आलेला नाही. 2025पासून तिकडं सरकारी संशोधन निधीला कात्री लागल्यावर कित्येक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्यात, हे मी वाचलं होतं. पण ते वाचताना ती बातमी होती.

म्हणजे माझ्या पुढं कुणी नव्हतंच. तो उंच, गोरा, आळशी माणूस मी फुकट पोसला होता.

मी मेल मोठ्यानं वाचून दाखवली. मामांनी पत्ते लावता लावता निकाल दिला, "डबाच लागला नव्हता म्हण की." पान टाकलं. मग जरा मायेनं म्हणाले, "जाऊ दे. मक्यावालं कन्फर्म आहे ना? स्टेशनापासून किती लांब आहे ते कॉलेज?"

"त्या गावाला स्टेशन नाही, मामा. जवळचं दीड तासावर आहे, गाडीनं."

"आणि तिथून गाड्या?"

"दिवसाला एक. जाणारी एक, येणारी एक."

मामांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. खेळ थांबला. त्यांनी आधी माझ्याकडं आणि मग अप्पांकडं पाहिलं.

"दाजी, पोरगी पाठवायच्या आधी तुम्ही चौकशी तरी केली होती का?"