जुनं डोमेन घेताय? आधी दात बघा

लातूरच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या डोमेनबद्दल, म्हणजे वेबसाइटच्या नावाबद्दल, एक मेसेज गरागरा फिरतोय. "मुदत संपलेलं डोमेन हजार रुपयांत घ्या. जितकं जुनं, तितकं गुगलवर वर. डीए ३० च्या पुढं असला तर डोळे झाकून उचला. गावाचं नाव असेल तर लाखात विकतं." परवा एका डाळमिलवाल्यांचा मुलगा तोच मोबाइलवर दाखवत दुकानात आला. "सर, एक हेरून ठेवलंय. उचलू का?"

वेबसाइट बनवण्यावरच माझं घर चालतं. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"हजार रुपयांत." डॉट कॉमची मुदत संपली म्हणून ते लगेच रस्त्यावर येत नाही. आधी ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो, मग ३० दिवस जुन्या मालकाला जादा पैसे भरून सोडवता येतं, आणि शेवटचे ५ दिवस नुसती खोडण्याची वाट. चांगलं नाव तुमच्यापर्यंत पोचतच नाही. मधेच लिलावात जातं, नाहीतर खोडल्या क्षणी टपून बसलेले प्रोग्रॅम उचलतात. हजारात तुमच्या-माझ्यासाठी उरतो तो बहुतेक निवडून उरलेला माल.

"जितकं जुनं, तितकं वर." नुसत्या वयावर गुगल कुणाला वर बसवत नाही. शिवाय वय तरी कुठलं धरायचं? डोमेन पूर्ण खोडून पुन्हा नोंदवलं गेलं की नोंदणीची तारीख नव्यानं सुरू होते. विकणारा "पंधरा वर्षांचं" म्हणतो तेव्हा ते सलग पंधरा आहे का, की मधे चार वर्षं बेवारस पडलं होतं, हे विचारा.

"डीए ३०." घोळ खरा इथं आहे. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, साइट गुगलवर किती वर येईल याचा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा १ ते १०० चा अंदाज. गुगल तो वापरत नाही. बाहेरून लिंका लावून तो फुगवताही येतो. बाजारात म्हातारा बैल शिंगं साळून, रंगवून उभा करतात, तसंच. देवणी बैल घेणारा माणूस रंग बघून पैसे देत नाही. दात बघतो, चालवून बघतो.

चालवून बघायचं म्हणजे काय, ते त्या पोरासमोरच केलं. वेबॅक मशीन, म्हणजे साइटींची जुनी पानं साठवून ठेवणारी साइट, तिथं त्यानं हेरलेलं नाव टाकलं. २०१३ ला एका शाळेचं पान, स्नेहसंमेलनाचे फोटो. २०१७ ला कोरं. २०२० ला भडक लाल पान, नाणी उडतायत, भाषा इंडोनेशियन. मग बाहेरून येणाऱ्या लिंका कुठल्या शब्दांवर लावल्यात ते बघितलं. शाळेचं नाव सात-आठ ठिकाणी, बाकी सगळीकडं "स्लॉट गाचोर". हा तिकडच्या ऑनलाइन जुगाराचा शब्द. डीए मात्र ३४! पोरगं गप्पच झालं.

बरं, लिंका शाळेच्याच चांगल्या असत्या तरी? मार्च २०२४ मध्ये गुगलनं स्पॅमच्या नियमांत हे नाव घेऊनच घातलं: जुन्या डोमेनची पत वापरून वर यायचं म्हणून त्यावर फालतू मजकूर ओतणं म्हणजे स्पॅम. उदाहरणांत प्राथमिक शाळेच्या जुन्या साइटवर टाकलेला कॅसिनोसुद्धा आहे. त्याच नावावर स्वतःचं खरं, उपयोगाचं काम उभं करायला हरकत नाही. पण मग शाळेच्या लिंकांचा डाळीला काय उपयोग?

"गावाचं नाव." लोक शोधतात त्या शब्दांशी नाव नेमकं जुळतं म्हणून मिळणारा फायदा निकृष्ट साइटींपुरता तरी गुगलनं २०१२ लाच कमी केला. आणि आपल्याकडं तर गावांचीच नावं बदलली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव. जुनं नाव लोक अजून शोधतात, खरंय. पण औरंगाबाद बिहारातही आहे, आणि नव्या लांब नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाचजण पाच तऱ्हेनं करतात. फोनवर एकदा सांगून समोरच्यानं बरोबर लिहिलं, तर त्या नावाला किंमत.

त्यात कुणाचा ब्रँड असेल तर वेगळंच दुखणं. डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ लाच सांगितलंय. डॉट इनच्या तंट्यांसाठी तर स्वतंत्र लवादाची सोय आहे. तुम्ही पैसे मोजलेत म्हणून नाव तुमच्याकडं राहीलच असं नाही.

मेसेजमध्ये ईमेलचं तर नावच नाही. आधीच्यानं त्या डोमेनवरून कचरा मेल पाठवले असतील तर ते काळ्या यादीत असू शकतं. तुमचं कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडणार, आणि तुम्ही म्हणणार पार्टी उत्तर देत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २०२१ ला बाजारभावाच्या साइटसाठी मीही असंच एक जुनं डोमेन उचललं. त्या वर्षी सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या वर गेलं होतं, माझं डोमेन ११,५०० ला. वेबॅक उघडायची तसदी घेतली नाही. वर्षभर रोज भाव टाकले. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक काय शोधत येतात ते बघितलं, तर तूर नाही, सोयाबीन नाही, तोच जुगार. शेवटी मुदत संपू दिली.

महिन्याभरानं सहज बघितलं तर ते लिलावात लागलं होतं. खाली लिहिलेलं: जुनं, डीए ३१, आधीचा विषय शेती.