‘संधिवात थांबणारच नाही, मग कापायचं कशाला?’

नमस्कार. कुत्र्यांच्या कोपरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, की शस्त्रक्रियेनंतरही संधिवात वाढत राहतो हे लेखकच सांगतो, मग पिल्लाला भूल देऊन सांधा उघडायचा कशाला? तुमचा लॅब्रॅडॉर वजन आटोक्यात ठेवून, गरजेपुरत्या गोळ्यांवर कित्येक वर्षं मजेत आहे. म्हणून तुमचा सगळ्यांना सल्ला: कुत्रा वर्षाचा होऊ द्या, मग बघा.

तुमच्या कुत्र्याचं चांगलं चाललंय, त्यात मला काही बदलायचं नाही. हरकत आहे ती त्या ‘सगळ्यांना’ला.

एल्बो डिस्प्लेसिया, म्हणजे वाढत्या वयात कोपराचा सांधा नीट न घडणं, हा एकच आजार नाही. कोपरात वरचं ह्युमरस आणि खालची रेडियस व अल्ना ही तीन हाडं भेटतात आणि बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी होतो. जर्मन शेफर्डमध्ये विशेष दिसणारा प्रकार घ्या. अल्नाचं मागचं टोक, अँकोनियल प्रोसेस, वयाच्या साधारण 20 आठवड्यांपर्यंत मूळ हाडाला जुळायला हवं. ते जुळलं नाही तर सांध्यात सैल राहतं आणि प्रत्येक पावलाला घासतं. पिल्लू लहान असताना हे लक्षात आलं, तर अल्ना वरच्या भागात कापून त्या टोकावरचा ताण कमी करता येतो, जोडीला स्क्रू घालून ते जागेवर बसवता येतं, आणि बऱ्याचदा ते जुळतंही. वर्षभर थांबलात तर टोकाचा आकार बिघडलेला असतो, भोवती संधिवात धरलेला असतो, आणि मग बहुधा ते काढून टाकणं एवढंच हातात उरतं. इथे ‘थांबा आणि बघा’ म्हणजे एक उपाय कायमचा सोडून देणं.

तुमच्या कुत्र्याचं दुखणं मात्र, तुम्ही दिलेल्या वर्णनावरून, कोरोनॉइडचं वाटतं. अल्नाच्या आतल्या बाजूच्या या टोकाला भेग पडते किंवा त्याचा तुकडा सुटतो. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. आणि इथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. उपलब्ध अभ्यासांचा 2008 साली जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सांधा मोठा उघडून केलेली शस्त्रक्रिया औषधोपचारापेक्षा सरस ठरली नव्हती. दुर्बिणीतून केलेली, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, दोन्हींपेक्षा उजवी दिसली. पण आढाव्यातले मूळ अभ्यास फार भक्कम नव्हते, हेही खरं. चपलेतला खडा काढला की माणूस सरळ चालतो, तसं इथे होत नाही. तुकडा सुटतो तो बऱ्याचदा रेडियस आणि अल्ना एकमेकांशी नीट न जुळल्याने आतल्या बाजूवर जास्त भार येतो म्हणून, आणि तुकडा काढला तरी तो भार तिथेच राहतो. म्हणून मी कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांवर असणाऱ्या गुळगुळीत थराची, अवस्था बघतो. सात-आठ महिन्यांचं पिल्लू सतत लंगडतंय, समोरची ह्युमरसची कूर्चा अजून शाबूत आहे, तर मी तुकडा काढायला सांगेन. कूर्चा झिजून हाड उघडं पडलं असेल, तर नुसता तुकडा काढून फारसं काही साधत नाही. अशा कुत्र्याला मीही आधी वजन, गोळ्या आणि पट्ट्यावरचं बेतानं चालणं हेच सांगतो.

‘एक्स-रेत काही नव्हतं, तरी सीटी सांगितला, हा पैसे काढण्याचा धंदा’ हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. एक्स-रेत रेडियसची सावली नेमकी कोरोनॉइडवर पडते, त्यामुळे तुकडा असूनही दिसत नाही. सीटीत तो भाग पातळ कापांमध्ये वेगळा दिसतो. शिवाय दोन्ही कोपरं दुखत असतील तर कुत्रा एका पायावर लंगडतही नाही. पावलं आखूड टाकतो, पंजे बाहेर वळवतो, आणि घरचे म्हणतात स्वभावच शांत आहे.

वजनाबद्दल आपलं एकमत आहे, किंबहुना तुमच्यापेक्षा मी जास्त आग्रही आहे. 48 लॅब्रॅडॉरवर एक दीर्घ अभ्यास झाला. त्यात निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं होतं. ती कुत्री सुमारे 1.8 वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरज उशिरा पडली. शस्त्रक्रिया झाली म्हणून यातून सुटका नाही.

पण ‘घरातली आयबुप्रोफेन अर्धी करून द्या’ ही ओळ कृपया काढून टाका. माणसांच्या या वेदनाशामक गोळीने कुत्र्यांच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कुत्र्यांसाठीच्या मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेनसारख्या गोळ्या वेगळ्या आहेत, आणि त्यासुद्धा एकीवर दुसरी किंवा स्टेरॉइडबरोबर द्यायच्या नसतात.

राहिला कृत्रिम सांधा. तो लेखात का नाही, असं तुम्ही विचारलंय. कुत्र्यांत खुब्याचा कृत्रिम सांधा बराच भरवशाचा झाला आहे, कोपराचा अजून तितका नाही. जंतुसंसर्ग, हाड मोडणं, बसवलेला भाग सैल होणं हे धोके मोठे आहेत, आणि तो फसला तर हाडं जोडून सांधा कायमचा ताठ करणं किंवा पाय काढणं एवढंच उरतं. औषधांनी अजिबात भागत नाही, अशा कुत्र्यापुरताच मी त्याचा विचार करेन. तुमच्या कुत्र्याला नाही.