गाणं दुसऱ्याचं, सातबारा आपला

गाण्यातलं काही कळत नाही? मग रेकॉर्डच्या धंद्यात तुमचं कल्याण होणार. फक्त अमेरिकन कंट्री संगीताचे आद्य साहेब राल्फ पीअर यांचा फोटो भिंतीवर लावा आणि खालील उपदेश पाठ करा.

स्वतःच्या कानांचं ऐकू नका. जून १९२३ मध्ये पीअरसाहेब 'ओके' (OKeh) या रेकॉर्ड कंपनीचं मुद्रणयंत्र घेऊन अटलांटाला गेले. पोल्क ब्रॉकमन नावाच्या फर्निचरवाल्याच्या आग्रहाखातर फिडल वाजवणाऱ्या फिडलिन जॉन कार्सनचं गाणं मुद्रित केलं. साहेबांना ते भयाण वाटलं. ब्रॉकमननं ५०० प्रती मागितल्या, तेव्हा कॅटलॉगचा क्रमांकही न घालता छापून दिल्या. त्या हातोहात खपल्या आणि भयाण गाणं एकदम गोड झालं.

पगार मागू नका. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीत जाताना साहेबांनी पगारावर पाणी सोडलं आणि गाण्यांचे प्रकाशनहक्क तेवढे मागून घेतले. १९०९ च्या कायद्यानं गाण्याच्या विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे हक्कदाराला २ सेंट ठरलेले होते. दोनच सेंट! कंपनीनं खुशाल देऊन टाकले.

गायक शोधत रानोमाळ हिंडू नका, पैशाचा आकडा पेपरात येऊ द्या. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात, टोप्यांच्या जुन्या गोदामात यंत्र मांडलेलं होतं. अर्नेस्ट स्टोनमन या गायकाला आदल्या वर्षी रेकॉर्डवर ३,६०० डॉलर मिळाल्याचं छापून आलं आणि लोक लोटले. गाणारं कार्टर कुटुंब आणि गायक जिमी रॉजर्स, दोघंही एकाच आठवड्यात गळाला.

आता मुख्य मंत्र. जुनं गाणं सगळ्यांचं असतं, त्यावर २ सेंट मिळत नाहीत. म्हणून ते 'नवं' करून घ्या. चार ओळी हलवा, नाव लावा, नोंदवून टाका. त्याच कुटुंबातले ए. पी. कार्टर डोंगरात दारोदार फिरून गाणी गोळा करायचे. सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. शब्द कार्टर उतरवून घेत, चाल रिडल डोक्यात ठेवी. लेबलवर कोण? ए. पी. कार्टर. 'वाइल्डवुड फ्लॉवर' १८६० मधलं, तरी कार्टर. 'कॅन द सर्कल बी अनब्रोकन'चं मूळ १९०७ च्या भजनात, तरी कार्टरच. आणि प्रकाशक? विचारता काय! ही विद्या आपल्याकडेही पोचली बरं का. मध्यंतरी मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर घेऊन इंटरनेटवर टाकल्या. लगेच नोटीस आली: हे संगीत आमच्या मालकीचं आहे. कुणाच्या? एका म्युझिक कंपनीच्या! आत्या ज्या सासूकडून ओव्या शिकली ती सासू गेली तेव्हा या कंपनीचा मालक जन्मला तरी होता का? मी आक्षेप घेतला. तो तपासला कुणी? त्याच कंपनीनं. निकाल: दावा कायम. म्हणजे चोरानंच पंचनामा करायचा आणि आपण सही करायची!

गायकाला क्षय असेल तर स्टुडिओतच खाट टाका. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला जिमी रॉजर्स दोन गाण्यांमध्ये असाच आडवा होत होता. शेवटच्या मुद्रणानंतर दोनच दिवसांत गेला.

उतारवयात बागकाम करा. साहेबांनी कॅमेलिया फुलवले.

पुरे झाला उपरोध. पीअरनं हक्क लाटले, पण निदान यंत्र घेऊन तो त्या गावांत गेला, लोकांना समोर बसवून ऐकलं. गायकांना रॉयल्टीतला वाटा दिला, तोही इतर कंपन्या रोख रक्कम टेकवून वाटेला लावत होत्या त्या काळात. त्याच्यामुळे ते आवाज आज ऐकू तरी येतात. आणि ओव्यांवर मालकी सांगणाऱ्या कंपनीवाल्यांनो, तुम्ही? तुम्ही एका दळणाऱ्या बाईच्या उंबऱ्याशी गेला नाहीत. कीबोर्ड लावून कुणाकडून तरी ओव्या गाऊन घेतल्यात आणि शेकडो बायकांनी रचलेलं स्वतःच्या नावावर चढवलंत. वर त्याच बायकांच्या लेकीसुनांना नोटिसा पाठवता? ही चोरी आहे. दावे मागे घ्या. गीतकाराच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहायला तुमचे हात झिजतात का?