अठ्ठ्याहत्तर किलोंचा प्रवासी

नाशिककराने बर्फ पाहण्यासाठी परदेशी जाण्याचा विचार बोलून दाखवला, की घरातील वडीलधाऱ्यांना निफाड आठवते. "तिथे थंडीत द्राक्षाच्या पानांवर दव गोठतं. ते बघायला कुठे व्हिसा लागतो?" हा आईचा पहिला प्रश्न होता, आणि पुढील पाच महिन्यांत मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

आम्ही निवडले होते स्वित्झर्लंडमधील वेंगेन. हे गाव 1,274 मीटर उंचीवर असून तेथे मोटारींना बंदी आहे, आणि खालच्या लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळाला धरून चढणाऱ्या, 1893 पासून धावणाऱ्या छोट्या रेल्वेनेच तेथे जावे लागते, हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. "म्हणजे माथेरानच की," ती म्हणाली. माथेरानची गाडी 1907 ची, म्हणजे चौदा वर्षांनी धाकटी, एवढाच मुद्दा मला तत्काळ सुचला. तो मांडून फारसा उपयोग झाला नसता.

पहिला पेच तारखांचा होता. आमच्या मुलांना सलग सुटी मिळते ती दिवाळीत, आणि तेव्हा त्या गावातील बहुतेक हॉटेले उन्हाळा संपवून व हिवाळा सुरू होण्याची वाट पाहत कुलुपे लावून बसलेली असतात. जानेवारीच्या मध्यावर तेथे लाउबरहॉर्नची स्कीशर्यत असते. 1930 पासून चालत आलेल्या या शर्यतीच्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. या शर्यतीत 2013 साली एका फ्रेंच स्पर्धकाने ताशी 161.9 किलोमीटर वेग गाठला होता, हे वाचून आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी, समृद्धी महामार्गावर तर 120 नंतर दंड होतो मग त्या काकांना किती झाला, अशी चौकशी केली. फेब्रुवारीत युरोपातील शाळांना सुट्या आणि आमच्या कन्येची अकरावीची परीक्षा. अशा रीतीने सर्व स्वस्त आठवडे एकेक करून गळाल्यावर नाताळचा, म्हणजे वर्षातील सर्वांत महाग आठवडा आमच्या वाट्याला आला. तोही शनिवार ते शनिवारच घ्यावा लागला, कारण तेथे भाड्याने घेतलेल्या घराच्या मालकीणबाईंना मधले वार मान्य नव्हते.

व्हिसासाठी आपण परत येणार आहोत हे पटवून द्यावे लागते. ज्या देशात एका बशी नूडल्सला किती पैसे पडतात हे आम्ही आधीच पाहून ठेवले होते, तेथे आम्ही राहून जाऊ ही शंका कोणाला यावी याचे मला कौतुक वाटले. मी बँकेचे उतारे, रजेचे पत्र, विवाहनोंदणीचा दाखला आणि तीस हजार युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा विमा अशी चळत रचली. आईने तिच्यावर निफाडच्या दीड एकर द्राक्षबागेचा सात-बारा ठेवला. "छाटणी झालेली बाग सोडून कोण जातं?" हा तिचा युक्तिवाद कोणत्याही वकिलाला मान खाली घालायला लावणारा होता. विम्याच्या बारीक अक्षरांत स्कीइंग हा 'साहसी खेळ' असल्याने त्यासाठी वेगळा हप्ता पडेल असे निघाले. जागच्या जागी उभे असताना पडल्यास तेही साहसात मोडते का, असे पत्नीने फोनवर विचारले, आणि पलीकडील गृहस्थांनी वरिष्ठांना विचारून सांगतो असे कळवले.

खाण्याच्या बाबतीत खरा आघात झाला. युरोपाबाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास मनाई आहे, तेव्हा साजूक तूप आणि पेढे दोन्ही बाद झाले. प्रत्येक चॉकलेटवर गाय छापणाऱ्या देशाने आपल्या तुपाला दारातून परत पाठवावे, हा आईला स्वतःच्या घराण्याचा अपमान वाटला. त्यावर उतारा म्हणून मी फोंड्यूचे वर्णन केले: वितळलेले चीज, त्यात पांढरी वाइन, भोवती सर्वांनी लांब काट्याने पाव बुडवायचा. वाइन ऐकून आईने भुवया उंचावल्याच होत्या; तेवढ्यात चिरंजीवांनी, फोंड्यूत पडणाऱ्या ग्रुयेर चीजसाठी दूध विरजताना वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, हे मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवले. त्या दिवसापासून सामानाच्या यादीत भाजणी दोन किलोंवरून पाच किलोंवर गेली.

परंतु हे सारे किरकोळ वाटावे असे संकट स्कीचे साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या अर्जाच्या रूपाने आले. आगाऊ नोंदणी केल्यास सवलत होती, म्हणून एका रविवारी संध्याकाळी आम्ही सहकुटुंब तो अर्ज भरायला बसलो. स्कीच्या बुटांचे माप सेंटिमीटरमध्ये द्यायचे असल्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून प्रत्येकाच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवण्यात आली, शिरस्त्राणासाठी शिंप्याची टेप डोक्यांभोवती गुंडाळण्यात आली, आणि गौरीच्या पावलांच्या दिवसांत येते तसे प्रसन्न वातावरण घरात पसरले. मग पुढचा रकाना आला. वजन.

पत्नीने "चौसष्ट" असे वर न बघता सांगितले. मी म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर." हा आकडा खोटा नव्हता, तो फक्त 2003 सालचा, आमच्या लग्नाच्या वेळचा होता. कन्येने माझ्याकडे, विशेषतः माझ्या मध्यभागाकडे, क्षणभर पाहिले आणि तो लिहून घेतला.

हा रकाना दुकानदाराच्या भोचकपणातून आलेला नाही, हे मला नंतर समजले. बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या बाइंडिंगने, माणूस पडला असता, किती जोर आल्यावर बूट सोडून द्यायचा, हे माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याचे कौशल्य यांवरून ठरवतात. ती फार घट्ट असेल तर स्की सुटत नाही आणि पाय मोडतो. फार सैल असेल तर साध्या वळणावरही स्की आपल्याला सोडून स्वतंत्रपणे दरीकडे रवाना होते. त्यात पन्नाशी उलटलेल्यांसाठी ती आणखी एक पायरी सैल ठेवतात. मी एक्कावन्न वर्षांचा. कौशल्याच्या रकान्यात मी अर्थातच 'अत्यंत सावध' या प्रकारात मोडत होतो. म्हणजे माझे वय आणि माझा स्वभाव यांनी सैल केलेली ती बाइंडिंग माझ्या थापेने आणखी सैल होणार होती, आणि मी जोराने शिंकलो तरी अनवाणी होण्याची शक्यता होती. तरीही मी गप्प राहिलो. संपूर्ण कुटुंबासमोर वजन वाढवून घेण्यापेक्षा स्की निसटलेली बरी, असा माझा त्या वेळचा हिशेब होता.

निघण्याच्या तीन आठवडे आधी आईच्या आग्रहाने सामानाची रंगीत तालीम झाली. आमच्याकडे बॅगेचे वजन करण्याची जुनी पद्धत आहे: घरातील थोराड माणसाने बॅग उचलून काट्यावर उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून त्याचे वजन वजा करायचे. थोराड मीच. काट्याने 114 दाखवले. चिरंजीवांनी त्यातून 78 वजा करून, "छत्तीस!" अशी आरोळी दिली. विमानात तेवीस किलोंचीच परवानगी होती.

मग बॅगेतून भाजणी निघाली. मेतकूट निघाले, आईची कानटोपी व दोन शाली निघाल्या, इंडक्शनची शेगडी निघाली, माझ्या उसन्या आणलेल्या दोन जाड पँटी निघाल्या. प्रत्येक वस्तू निघताना आई एक उसासा टाकत होती आणि प्रत्येक उसाशाबरोबर मी पुन्हा काट्यावर चढत होतो. अखेर आकडा 101 वर आला, वजाबाकी बरोबर तेवीस झाली, आणि मी बॅग खाली ठेवून घाम पुसला.

चिरंजीव पुढे झाले आणि त्यांनी ती बॅग एका हाताने उचलली.

"बाबा," ते म्हणाले, "ही तर माझ्या दप्तराएवढीच आहे."

कोणीच काही बोलले नाही. आईने भाजणीची पहिली पिशवी उचलून पुन्हा बॅगेत ठेवली, मग दुसरी, मग कानटोपी. पत्नीने पायाने काटा माझ्याकडे सरकवला. मी त्यावर रिकाम्या हातांनी उभा राहिलो, आणि कन्या अर्जातील आकडा खोडण्यासाठी लॅपटॉप उघडू लागली.