दोन वर्षांत सनद मिळत नाही: सीमाभागात फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

पदवीचे निकाल लागू लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो माझ्यापर्यंत एका बी.कॉम. झालेल्या मुलाच्या मोबाईलवरून आला. मुलगा वडिलांना घेऊन माझ्या कार्यालयात आला होता आणि पैसे भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: कोणत्याही शाखेच्या पदवीधराने एलएलबीत तीन वर्षे घालवू नयेत, घरबसल्या दोन वर्षांत कायद्याची मास्टर्स पदवी घेऊन वकिलीची सनद मिळते, तिशी उलटलेल्यांना एलएलबीचे दार बंदच आहे, कर्नाटकात कायद्याची परीक्षा कन्नडमध्येच द्यावी लागते, कोल्हापूरची पदवी इथल्या कोर्टात चालत नाही, आणि सांगितलेल्या रकमेत सनदेची ‘मोठी फी’ धरलेली आहे.

मास्टर्स पदवीवर सनद मिळते, हे विधान सरळ चुकीचे आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करते. सनद कोणाला द्यायची हे अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्ये लिहिलेले आहे. १२ मार्च १९६७ नंतर पदवीधराने कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असला पाहिजे, असे ते कलम सांगते. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम करणाऱ्यांची वाट वेगळी आहे. म्हणजे जी तीन वर्षे संदेशकर्त्याला वाया जाणारी वाटतात, ती कायद्यानेच मागितलेली आहेत. त्यानंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा येते. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केलेला आहे.

मग अन्य शाखांच्या पदवीधरांना खुल्या असलेल्या मास्टर्स पदव्या खोट्या आहेत का? तसे मुळीच नाही, आणि इथेच संदेशात अर्धे सत्य मिसळले आहे. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची व्यवसायविषयक कायद्यांची मास्टर्स पदवी, म्हणजे एमबीएल, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येते. बँकेतले अधिकारी, सनदी लेखापाल आणि कंपन्यांत अनुपालनाचे काम पाहणारी मंडळी ती करतात आणि त्यांना तिचा उपयोगही होतो. मात्र ती एलएलएम, म्हणजे एलएलबीनंतरची कायद्याची पदव्युत्तर पदवी, नव्हे. एलएलएमला एलएलबी ही पूर्वअट आहे, आणि कायद्याची पदवी नसलेल्यांना दिल्या जाणाऱ्या अशा मास्टर्सला एलएलएम म्हणू नये, असे बार कौन्सिलच्या २०२० च्या पदव्युत्तर नियमांत स्पष्ट नमूद केले आहे. एमबीएल झालेला माणूस करारनामा बारकाईने वाचू शकतो, पण पक्षकाराचे वकीलपत्र घेऊन न्यायाधीशांसमोर उभा राहू शकत नाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधरांना मात्र एक वेगळी सोय आहे, जी या संदेशात कुठेच येत नाही: पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १२६ खाली पेटंट एजंटची परीक्षा त्यांना एलएलबीशिवाय देता येते.

मला वाटते, या गैरसमजाचे मूळ इंग्लंडकडचे व्हिडिओ पाहण्यात आहे. तिथे अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी सुमारे वर्षभराचा कायदा-परिवर्तन अभ्यासक्रम खरोखरच आहे, आणि २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही नवी परीक्षाही सुरू झाली आहे. पण तो त्यांचा कायदा झाला. आपल्या कलम २४ मध्ये त्या एका वर्षाला जागा नाही.

‘घरबसल्या’ या शब्दाबद्दल फार लिहायला नको. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे एलएलबी हा नियमित वर्गांचा अभ्यासक्रम आहे. त्यांत ७० टक्के हजेरीची अट आहे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप धरलेली आहे. दूरस्थ पद्धतीने केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. याच नियमांतली आणखी एक बाब आपल्या भागातल्या मुलांनी आधी तपासावी. बारावी न होता केवळ पूर्वतयारी परीक्षेवरून मुक्त विद्यापीठात थेट पदवी घेतलेल्यांना एलएलबीला प्रवेश मिळत नाही. बारावी रीतसर होऊन पुढची पदवी मुक्त विद्यापीठाची असेल, तर ही अडचण येत नाही.

वयाच्या मुद्द्याला एके काळी आधार होता. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० वर्षांची मर्यादा बार कौन्सिलने घातली, मागे घेतली आणि २०१६ मध्ये पुन्हा आणली. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तेव्हापासून चाळिशीतले शिक्षक आणि निवृत्त कर्मचारीही वर्गात बसताना दिसतात. ज्या डॉ. आंबेडकरांनी एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत परिषद घेतली, तेही अर्थशास्त्राच्या पदव्या घेतल्यावर, तिशी ओलांडून बॅरिस्टर झाले होते.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे लगेच मनाला लागतो, आणि संदेश लिहिणाऱ्याला ते ठाऊक असावे. बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून चालू आहे आणि आज ते हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न आहे. या विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत देता येते. कन्नड हा पर्याय आहे, सक्ती नाही. पण खालच्या कोर्टातला रोजचा कारभार कन्नडमध्ये चालतो, साक्ष त्याच भाषेत नोंदली जाते, आणि जबाब वाचता आला नाही तर उलटतपासणी घेता येत नाही. त्यामुळे मराठी मुलाने ही तीन वर्षे कन्नड लिहिण्या-वाचण्यासाठीही वापरावीत, असे मी कोणाचीही भीडभाड न ठेवता सांगतो. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात मात्र काम इंग्रजीत चालते.

मराठी येणे ही इथे उणीव ठरत नाही, उलट अनेक दाव्यांचा निकाल त्यावरच फिरतो. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे मराठीत आहेत, त्यांतली कितीतरी मोडीत. गेल्या वर्षी खानापूरकडच्या एका वाटणीच्या दाव्यात आजोबांच्या पेटीतून असाच एक मोडी कागद निघाला. घडीवर फाटलेला, डाव्या कडेला वाळवीने खाल्लेला. त्यातल्या चतुःसीमेत ‘दक्षिणेस वहिवाटीची वाट’ हे तीन शब्द होते. दुसऱ्या बाजूने दिलेल्या कन्नड भाषांतरातून ते गळले होते, आणि सगळा वाद नेमका त्याच वाटेवरून चाललेला होता. भाषांतर मुळाशी ताडून पाहणारा कनिष्ठ वकील बी.ए. इतिहासाचा होता. मोडी तो एलएलबीला येण्यापूर्वीच शिकला होता.

कोल्हापूरच्या पदवीविषयीचा दावा एका वाक्यात निकालात निघतो: मान्यताप्राप्त भारतीय विद्यापीठाची एलएलबी कोणत्याही राज्याच्या बार कौन्सिलला चालते, आणि अधिवक्ता अधिनियमाचे ३० वे कलम जून २०११ पासून लागू झाल्यामुळे सनदधारकाला देशभर वकिली करता येते. निपाणीच्या मुलाला कोल्हापूरचे १९३३ चे शहाजी विधी महाविद्यालय बेळगावपेक्षा जवळ पडते. तिकडे जायचे तर महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते, एवढाच फरक.

राहिली ती ‘मोठी फी’. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यांहून जास्त घेता येत नाही. त्या मुलाकडून सनदेच्या नावाखाली १८ हजार रुपये मागितले होते. वडिलांनी तो आकडा मला दोनदा वाचून दाखवला आणि मोबाईल खिशात टाकला. मुलाची बारावी नियमित झाली आहे आणि बी.कॉम.ला ५१ टक्के आहेत. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्क्यांची अट असल्याने तीन वर्षांच्या एलएलबीला अर्ज करायला त्याला तेवढे पुरेसे आहेत.