म्हणे जुलै बेस्ट सीझन!

"जॉन म्यूर ट्रेलला जुलैत जा, जुलै बेस्ट!" हे ज्याने कुणी पहिल्यांदा पसरवलं, त्याला संध्याकाळी सहाला तिथल्या रोझमेरी मेडो नावाच्या कुरणात हाफ पँटवर नेऊन बसवा. पाच मिनिटं पुरेत.

जॉन म्यूर ट्रेल, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतली पायवाट. योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंत साधारण ३४० किलोमीटर, पाठीवर सगळा संसार आणि वाटेत एकामागून एक पास, म्हणजे उंच खिंडी: डॉनह्यू, सेल्डन, म्यूर, मेथर, ग्लेन, फॉरेस्टर. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. निळं तळं, मागे कडे, पुढे दात काढून उभा असलेला कुणीतरी. फोटोत डास दिसत नाहीत हो! ठाण्यात आयुष्य काढलंय मी, डास मला नवे नाहीत. पण तिथले डास तिन्हीसांजेला यायचे, दारं-खिडक्या लावल्या की निम्मे बाहेर राहायचे. सिएरातले भर दुपारी, लख्ख उन्हात, चालत्या माणसाला चावतात.

आणि हे टाळायची सोय नाही, डोकं फिरतं ते त्याने. गेल्या उन्हाळ्यात कुरणांच्या ओल्या कडांना घातलेली अंडी हिवाळाभर बर्फाखाली पडून असतात. बर्फ वितळून डबकी साचली की सगळी फौज एकदम बाहेर. म्हणजे पास चालण्याजोगे व्हायला आणि यांच्या बारशाला एकच मुहूर्त! लवकर जावं तर कमरेत आइस ॲक्स आणि फुगलेले ओढे. थोडं उशिरा जावं म्हटलं तर तारीख आपल्या हातात कुठे असते? योसेमिटीतून निघायच्या परमिटची लॉटरी २४ आठवडे आधी. जुलैच्या मध्याची तारीख हवी तर जानेवारीअखेर अर्ज भरा. जानेवारीत! अर्धा हिवाळा पडायचा असतो अजून. ज्या बर्फावर डासांचं वेळापत्रक ठरणार, तो ढगातसुद्धा नसतो. २०२३ साली इतका बर्फ झाला की जुलैत पास पांढरेच आणि ऑगस्टातही डास हजर.

उपाय करत नाही असं नाही. सकाळी आधी सनस्क्रीन, त्यावर डीट (डास पळवायचं औषध), त्यावर वाटेची धूळ, त्यावर घाम. दुपारपर्यंत अंग सारवल्यासारखं होतं. हे डीट प्लास्टिकही खातं, माझ्या गॉगलची दांडी त्याने चिकट करून टाकली. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक. डोक्यावरून जाळी, ती गालाला टेकली की जाळीतूनच चावा. आता या अवतारात खिचडी खाऊन दाखवा. जाळी वर, घास तोंडात, जाळी खाली. तेवढ्यात एक आत आलेलाच असतो, आणि एक खिचडीत. मिरी समजून गिळायचा.

इव्होल्यूशन क्रीक हा ओढा ओलांडताना तर हद्द झाली. पाणी मांडीपर्यंत, बर्फाचं. दोन्ही हातांत काठ्या, तळाशी गुळगुळीत गोटे. आणि दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर डास ओळीने बसलेले, निवांत, पोट लाल होईपर्यंत. काठी सोडून फटका मारावा तर आपणच वाहून जाणार. बघत राहायचं, दुसरं काय.

सकाळच्या कार्यक्रमाबद्दल काय सांगू? पाण्यापासून २०० फूट लांब जा, सहा ते आठ इंच खड्डा खणा, बसा. पुढचं तुमचं तुम्ही समजून घ्या. रात्री उठावं लागलं तर त्याहून कठीण, कारण वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात बंद करून तंबूपासून लांब ठेवायची असते. टूथपेस्ट, सनस्क्रीन आणि हो, डासांचं औषधसुद्धा. अस्वल वाचलं, मी मेले.

पासच्या माथ्यावर मात्र डास नसतात. वारा असतो, त्यात त्यांना उडता येत नाही. फॉरेस्टरवर १३,००० फुटांच्या वर पोचलेले लोक एवढे भावुक का होतात ते मला तिथे कळलं. दृश्यबिश्य नंतर, आधी जाळी काढून नाक खाजवता येतं. म्यूर पासवर तर सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेने १९३० मध्ये बांधलेली दगडी झोपडीही आहे. छप्पर आहे, वारा आहे, डास नाहीत. मुक्कामाला? बंदी. जीवावर बेतलं तरच राहा म्हणे. माझ्या पायांकडे बघून ठरवा की मग!

यात भर म्हणजे नवरा. त्याला चावतच नाहीत. शेजारी बसून चहा फुंकत म्हणतो, "तुझं रक्त गोड असेल." डीट त्याच्या चहात ओतावंसं वाटलं होतं.

आणि घरी परतल्यावर फुकटचे सल्लागार. लसूण खा. व्हिटॅमिन बी घे. मावशी म्हणाली, "अगं, तंबूत कॉइल लावायची ना!" नायलॉनचा तंबू, मावशी. पेटेल. सासूबाईंचं वेगळंच, "कडुलिंबाचा पाला जाळ, धूर कर." अहो आई, योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर शेकोटीच पेटवू देत नाहीत, आणि कडुलिंब कुठून आणू, पाइनची झाडं आहेत तिथे.

सगळ्यात शहाणे ते, जे "सप्टेंबरात का नाही गेलीस?" विचारतात. सप्टेंबरात डास नसतात, कबूल. शाळा सुरू झालेल्या असतात, ते सोडा. २०२० च्या सप्टेंबरात 'क्रीक फायर' नावाचा वणवा पेटला तेव्हा लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं आणि कॅलिफोर्नियातली सगळी राष्ट्रीय वनं बंद केली. पुढच्या वर्षीही तेच, ऐन त्याच दिवसांत वनं बंद. धूर हवा होता ना डासांवर? घ्या धूर.