‘ऑलिम्पिया ग्लायडर जगात फक्त दोनच उरलीत’ म्हणे! मोजली कुणी आणि कुठे?

सध्या एक फोटो आणि खाली चार ओळी सगळीकडे फिरतायत. फोटो मस्तच आहे, संध्याकाळचं ऊन आणि गवतावरून नुकतंच उचललेलं लाकडी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मजकूर साधारण असा: हे ऑलिम्पिया ग्लायडर हिटलरने १९४० च्या ऑलिम्पिकसाठी बनवून घेतलं, युद्धात सगळी नष्ट झाली, जगात फक्त दोन उरलीत, दोन्ही म्युझियममध्ये आहेत, आणि उडताना दिसतात त्या नकला. जुन्या ग्लायडरांची यादी ठेवायचा नाद मला आहे हे ओळखीच्यांना माहितीये, त्यामुळे पाच जणांनी पाठवला. एकदाच लिहून टाकतो.

“हिटलरने बनवून घेतलं.” डिझाइन जर्मन होतं हे खरं, डीएफएस या संशोधन संस्थेतल्या हान्स याकोब्सचं, आणि नाव मायझे, म्हणजे चिमणीएवढ्या एका पाखराचं. पण ऑलिम्पिकसाठी ते एकट्या जर्मनीने नाही ठरवलं. १९३६ ला बर्लिनमध्ये ग्लायडिंगचं नुसतं प्रात्यक्षिक झालं होतं, १९४० ला खरी स्पर्धा व्हायची होती आणि त्यात सगळ्यांनी एकाच मॉडेलवर उडायचं, म्हणजे पैसा नाही तर पायलट जिंकेल, असं ठरलं. पंखांची लांबी १५ मीटर, बांधायला सोपं, अशा अटी. फेब्रुवारी १९३९ मध्ये इटलीत सेत्झेला जर्मन, इटालियन, पोलिश मॉडेलं आणून वेगवेगळ्या देशांच्या पायलटांनी ती उडवून बघितली, आणि मायझे निवडलं गेलं. मग युद्ध झालं, ऑलिम्पिक झालंच नाही, ‘ऑलिम्पिया’ हे नाव तेवढं मायझेला चिकटलं.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ड्रॉइंग्ज इतर देशांनाही मिळायची होती, सगळ्यांना तेच बांधायचं होतं ना! म्हणूनच “युद्धात सगळी संपली” हे टिकत नाही. जर्मनीतली बरीच संपली, मान्य, पराभवानंतर तिथे ग्लायडिंगवर १९५१ पर्यंत बंदीच होती, कित्येक मोडली, जाळली गेली, काही ब्रिटिश सैन्याने स्वतःच्या क्लबांसाठी ठेवली. पण ब्रिटनमध्ये इलियट्स ऑफ न्यूबरीने, जी मुळात फर्निचरची कंपनी, १९४७ पासून १५० ऑलिम्पिया बांधली, फ्रान्समध्ये नॉर्द २००० या नावाने १०० झाली, आणि बंदी उठल्यावर जर्मनीतही मायझे परत बांधायला लागले. म्हणजे फक्त ब्रिटन आणि फ्रान्स धरले तरी युद्धानंतरची अडीचशे.

आता “दोनच उरलीत”. हा आकडा कुठून आला असेल याचा मला दाट संशय आहे. कुणीतरी ब्रिटनच्या सरकारी विमान रजिस्टरमध्ये नाव टाकून बघितलं असणार आणि जेवढं दिसलं तेवढंच जगात आहे असं धरलं असणार. पण ब्रिटनमधली ग्लायडर वर्षानुवर्षं सरकारी रजिस्टरमध्ये नव्हतीच, त्यांना ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनचा बीजीए नंबर असायचा. मध्येच १९४९-५० च्या सुमाराला काही काळ सरकारी जी-ने सुरू होणारी अक्षरं दिली, मग ते बंद. पुढे युरोपियन नियमांमुळे आधुनिक ग्लायडरांना परत सरकारी नंबर घ्यावा लागला, पण जुनी व्हिंटेज त्या नियमातून वगळलेली, त्यामुळे बरीचशी अजूनही बीजीए नंबरवरच उडतात. सरकारी रजिस्टरमध्ये ऑलिम्पिया शोधणं म्हणजे विहिरीत मासे नाहीत म्हणून समुद्र रिकामा आहे असं म्हणणं झालं.

उलटी चूकही होते आणि ती मी स्वतः केलीये. माझ्या यादीत एक ग्लायडर दोन वर्षं दोनदा होतं, एकदा जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोतल्या जी-अक्षरांवरून, एकदा बीजीए नंबरवरून, रंग वेगळा, कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, बदललेली, मला काय कळणार! मग कुणीतरी कॉकपिटमधल्या छोट्या पत्र्याच्या पट्टीचा फोटो काढून पाठवला, त्यावर कारखान्याचा नंबर होता आणि दोन्ही नोंदी त्याच एका नंबरच्या निघाल्या. तेव्हापासून कारखान्याचा नंबर मिळाल्याशिवाय मी ओळ पक्की करत नाही. शिवाय इलियट्सने पुढे ४०३, ४६० वगैरे मॉडेलं काढली त्यांनाही लोक ऑलिम्पियाच म्हणतात, पंख वेगळे, सगळंच वेगळं, ती यात मोजली की आकडा उगाच फुगतो.

“उडतात त्या नकला.” ब्रिटनमध्ये बाहेरचा आकार मायझेचा ठेवून आतला सांगाडा नव्याने डिझाइन झाला, त्यामुळे ते जर्मन मायझे नाही हे बरोबर, मी पण वेगळ्या कॉलमात लिहितो. पण ऑलिम्पिया म्हणून ती अस्सलच, कारखान्यातून तशीच निघालेली. कापड बदललं, प्लायचे तुकडे बदलले, म्हणून काय नक्कल होते होय? लाकडी ग्लायडरचा जीव सांध्यांच्या गोंदात असतो, जुना केसीन गोंद ओल खाल्ली की जातो, म्हणून पंखाची कातडी उघडून सांधे तपासतात आणि मगच उडायची परवानगी मिळते. युद्धात वाचलेली कित्येक नंतर गळक्या ट्रेलरमध्ये पडून मेली, ते खरं दुःख, त्यावर कुणी पोस्ट करत नाही. उरलेली उडती राहिली त्यात १९७३ ला सुरू झालेल्या व्हिंटेज ग्लायडर क्लबचा मोठा हात आहे.

आणि हो, तो फोटो जरा मोठा करून बघा. शेपटीजवळ बीजीए नंबर आहे, नाकाला टो-दोर, म्हणजे ओढून वर नेणारा दोर, लागलेला आहे, कॉकपिटमध्ये माणसाचं डोकं दिसतंय, आणि मागे कोपऱ्यात एक पांढरं फायबरचं ग्लायडर उभं आहे. फायबरचं पहिलं ग्लायडर उडालं १९५७ ला, म्हणजे फोटो युद्धाच्या बराच नंतरचा. म्हणजे “उडणारं एकही खरं नाही” असं सांगायला यांनी जो फोटो लावलाय, त्यातच ब्रिटिश नंबर मिरवत एक टेकऑफ घेतंय. त्याच्या कॉकपिटमधल्या पट्टीचा फोटो कुणाकडे असेल तर पाठवा, यादीतली ती ओळ अजून कच्ची आहे.